कामाजोगे सोने

'सराफ' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. नाणी बदलून देणारा, असा त्याचा मूळ अर्थ. निरनिराळ्या टांकसाळींतील नाणी ज्या काळी एकाच बाजारात फिरत, त्या काळी त्यांचे वजन, कस आणि खरेखोटेपणा ठरविणारा हा माणूस होता. सोन्याचांदीचा व्यापारी हा अर्थ त्याला पुढे चिकटला. जबलपूरच्या सराफ्यात आज दिव्यांच्या झगमगाटात दागिने मांडलेली दुकाने दिसतात. परंतु आतल्या अरुंद गल्ल्यांत, जिन्याखालच्या खोल्यांत, पारखण्याचे आणि आटविण्याचे जुने काम अजून चालते. या बाजारापासून हाकेच्या अंतरावर माझे आयुष्य गेले. बौद्ध विचारातील शांतीविषयी लिहिताना मला या बाजाराची भाषा जवळची वाटते, याचे कारण केवळ शेजार हे नाही. पाली वाङ्मयात चित्ताविषयी बोलताना सोनार, सराफ आणि सोन्याची माती धुणारा हे तिघे पुन्हापुन्हा भेटतात.

पाचव्या शतकात सिंहलद्वीपात 'विसुद्धिमग्ग' रचणाऱ्या बुद्धघोषाने जाणण्याचे तीन प्रकार समजावून सांगताना असाच एक सराफ उभा केला आहे. फळीवर नाण्यांची रास पडलेली आहे. लहान मुलाला तिच्यातले रंग आणि आकार तेवढे दिसतात. खेडुताला एवढे अधिक कळते की, ही वस्तू मोलाची आहे, हिने माणसांचे व्यवहार होतात. सराफ मात्र नाणे पाहून, वाजवून, हुंगून, चाखून, हातात तोलून ते खरे की खोटे हे सांगतो आणि ते कोठे, कोणत्या कारागिराने पाडले हेही ओळखतो. संज्ञा, विज्ञान आणि प्रज्ञा यांतील अंतर दाखविण्यासाठी योजलेला हा दृष्टान्त आहे. 'शांती' या शब्दाच्या बाबतीत आपण बहुतेक जण त्या खेडुताच्या पायरीवर उभे असतो. ती मोलाची आहे, एवढे आपल्याला ठाऊक असते. खरी कोणती आणि खोटी कोणती, हे वाजवून पाहण्याची सवय मात्र आपल्याला नसते.

आपल्या भाषेनेही या गोंधळात थोडी भर घातली आहे. मराठी घरात 'शांत' केली जाते: वास्तुशांत, उदकशांत, नक्षत्रशांत. काहीतरी बिघडलेले असते, कोणीतरी जाणकार येतो, विधी करतो आणि दक्षिणा घेऊन जातो. यजमानाने पाटावर बसून पळीभर पाणी सोडले की त्याचे काम संपते. या विधींचा उपहास करण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी अनेक घरांना धीर दिलेला आहे. पण दुसऱ्याकडून करवून घेता येणारी गोष्ट म्हणजे शांती, हा संस्कार या शब्दाबरोबर आपल्या मनात उतरला आहे. बुद्धाच्या शिकवणुकीत नेमक्या या गोष्टीला जागा नाही. तेथे मार्ग दाखविणारा असतो. चालणारा ज्याचा तो.

मराठी वाचकाला हे पहिल्यांदा स्वच्छपणे सांगितले ते धर्मानंद कोसंबी यांनी. १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या या माणसाने १८९७ मध्ये 'बालबोध' या मुलांसाठी निघणाऱ्या मासिकात बुद्धाचे चरित्र वाचले आणि १८९९ च्या अखेरीस घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा त्यांचा प्रवास 'निवेदन' या १९२४ च्या आत्मवृत्तात आला आहे. त्या पुस्तकात आध्यात्मिक साक्षात्काराची वर्णने शोधणाऱ्या वाचकाची निराशा होते. तेथे अन्नछत्रांतील जेवण आहे, उसने घेतलेले पैसे आहेत, अंगावर काढलेली दुखणी आहेत. मागे राहिलेल्या पत्नीची आणि तान्ह्या मुलीची बोच आहे. ज्या मनाला शांती हवी होती, ते किती अस्वस्थ होते, हे त्यांनी झाकून ठेवलेले नाही. याच गृहस्थाने पुढे हार्वर्डमध्ये 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनाचे काम केले, १९४० मध्ये त्या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली आणि ध्यानाच्या विषयावर 'समाधिमार्ग' हे छोटे पुस्तकही लिहिले. बुद्धघोषाच्या त्या सराफाची पारख आपल्यापर्यंत पोचली ती अशा एका सराफाच्या हातून. आणि तरीही कोसंबींनी शांतीला आयुष्याचा मुक्काम मानले नाही. ते संसारात परतले, फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली, मिठाच्या सत्याग्रहात उतरले, १९३७ च्या सुमारास मुंबईच्या गिरणगावात कामगारांसाठी विहार उभारला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी अन्नत्यागाने देह ठेवला.

आमच्या पिढीच्या उत्तरार्धात ध्यान हा शब्द एकदम सर्वतोमुखी झाला. त्याचे बरेचसे श्रेय सत्यनारायण गोयंका यांच्याकडे जाते. ब्रह्मदेशात वाढलेले हे व्यापारी १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या केंद्रात दहा दिवसांची विपश्यना शिबिरे भरू लागली. त्यांच्याविषयीची एक हकीकत सर्वश्रुत आहे. तीव्र अर्धशिशीने बेजार झालेले गोयंका ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा डोकेदुखी घालविण्यासाठी म्हणून धम्म शिकविण्यास त्या आचार्यांनी नकार दिला. चित्तशुद्धीसाठी येणार असाल तर या. दुखणे वाटेत गेले तर गेले, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाच्या सरकारातील महालेखापाल होते. जमाखर्चात आयुष्य गेलेल्या माणसाने या एका व्यवहाराला नकार द्यावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आज शांतीची मागणी करणारे आपण बहुतेक जण डोकेदुखी घेऊनच आलेलो असतो.

मीही तसाच गेलो होतो. २०१७ मध्ये माझी पत्नी दीर्घ आजारानंतर गेली. त्यानंतरच्या वर्षात रात्री तीनच्या सुमारास जाग येई आणि मग सकाळपर्यंत मन त्याच त्या प्रसंगांची उजळणी करीत बसे. औषधाची वेळ, डॉक्टरांचे वाक्य, तिने अर्धवट सोडलेला एखादा प्रश्न. भेटायला येणारे म्हणत, "आता मनाला शांत करा." त्यांच्या सद्भावनेविषयी शंका नव्हती, पण मला त्या शब्दाची भीती वाटू लागली होती. मन शांत होणे म्हणजे ती विसरली जाणे, असा एक करार त्या उपदेशात दडलेला आहे असे वाटे. आणि तो करार मला मान्य नव्हता.

इगतपुरीच्या दहा दिवसांत काही विलक्षण घडले असे मी म्हणणार नाही. पहाटे चारला घंटा होते. नऊ दिवस मौन असते. पहिले तीन दिवस नुसत्या येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहायचे, मग शरीरावरील संवेदनांकडे, आणि शेवटी सर्वांविषयी मैत्रीची भावना करायची, असा क्रम. साठीकडे झुकलेल्या माणसाचे गुडघे त्या क्रमात स्वतःचा एक वेगळा अध्याय लिहितात. शांती मिळाली का, असे कोणी विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते. एवढे मात्र झाले की, पहाटे तीनची ती उजळणी आपोआप घडते आणि तिच्याकडे पाहताही येते, हे मला कळले. पाहण्यामुळे ती थांबत नाही. पण तिच्यात आणि आपल्यात बोटभर जागा पडते.

या जागेला काय म्हणावे, हे मला समजले ते मात्र सराफ्यात. आपले दागिने वाटून टाकू नयेत, ते मोडून आलेल्या पैशात एखाद्या मुलीच्या शिक्षणाची सोय करावी, असे पत्नीने सांगून ठेवले होते. पुष्कळ दिवस मी ते टाळले. अखेर तिच्या पाटल्या आणि एकदाणी घेऊन एका वृद्ध कारागिराकडे गेलो. ज्याच्याकडे अजून कोळशाची शेगडी आणि फुंकणी आहे, असा तो सराफ्यातील थोड्या जणांपैकी एक. त्याने सोने कसाला लावले, तोलले, तुकडे करून मुशीत घातले, वर टाकणखाराची चिमूट टाकली. फुंकणीने काही वेळ जोराने फुंकले. मग थांबून निखाऱ्यांच्या कडेने पाणी शिंपडले, आच भलतीकडे पसरू नये म्हणून. पुन्हा फुंकले. मी काहीतरी विचारू लागलो, तेव्हा मुशीवरची नजर न काढता तो म्हणाला, "अब दो मिनट बात मत कीजिए, प्रोफेसर साहब." आणि तो नुसता पाहत राहिला. फुंकणे नाही, पाणी नाही. त्या दोन मिनिटांत पिवळ्या रसावरची एक मळकट साय हळूहळू कडेला सरली आणि मधला भाग आरशासारखा झाला.

'अंगुत्तर निकाया'च्या तिसऱ्या निपातातील सोनाराचे सूत्र मी अनेकदा शिकविले होते. सोनार कधी फुंकतो, कधी पाणी शिंपडतो, कधी केवळ पाहतो. नुसते फुंकले तर सोने जळेल. नुसते पाणी मारले तर थंड होईल. नुसते पाहत बसले तर ते नीट पक्व होणार नाही. तीन क्रिया वेळोवेळी, ज्या त्या वेळी, केल्या तरच सोने मऊ आणि तेजस्वी होते. साधकालाही तसेच प्रयत्न, समाधी आणि उपेक्षा या तिघांकडे वेळोवेळी लक्ष द्यावे लागते. केवळ समाधी धरली तर मन आळसावते, केवळ प्रयत्न धरला तर ते अस्वस्थ होते आणि केवळ उपेक्षा धरली तर त्याची खरी शुद्धी होत नाही. वर्गात हे सांगताना 'उपेक्षा' या शब्दापाशी विद्यार्थी हमखास अडत. मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड; उपेक्षित म्हणजे ज्याच्याकडे कोणी पाहत नाही असा. मूळ शब्दात मात्र 'ईक्ष्' हा धातू आहे, पाहणे या अर्थाचा. आणि 'उप' म्हणजे जवळ. जवळून, ढवळाढवळ न करता पाहणे ही उपेक्षा. त्या कारागिराइतके जवळून कोणी पाहत नव्हते आणि त्याच्याइतका हस्तक्षेपापासून दूरही कोणी नव्हता. शब्दाचा अर्थ आपल्या भाषेत उलटा झाला, आणि त्याबरोबर शांतीविषयीची आपली कल्पनाही उलटी झाली. शांत होणे म्हणजे पाठ फिरविणे, असे आपल्याला वाटू लागले. ज्या कराराची मला धास्ती होती, तो मुळात बुद्धाचा नव्हताच.

त्याच निपातात या सूत्राच्या शेजारी आणखी एक सूत्र आहे, सोन्याची माती धुणाऱ्याचे. सराफ्यातील नाल्या आणि दुकानांपुढची धूळ झाडून तिच्यातून सोन्याचे कण काढणाऱ्यांना इकडे न्यारिये म्हणतात. आपल्याकडचा शब्द झारेकरी. माती आणि खडे हा जाड मळ पहिल्या धुण्यात जातो, बारीक खडी आणि जाडी वाळू दुसऱ्या धुण्यात, बारीक वाळू आणि काळी धूळ तिसऱ्या धुण्यात. चित्ताचेही तसेच. काया-वाचा-मनाची दुष्कृत्ये हा जाड मळ. वासनेचे, द्वेषाचे आणि हिंसेचे विचार हा मधला. यानंतर जो सूक्ष्म मळ सांगितला आहे, तो वाचून मी प्रत्येक वेळी थबकतो. तो तीन प्रकारच्या विचारांचा आहे. एक ज्ञातीचा, काही पोथ्यांच्या पाठानुसार जातीचा. दुसरा आपल्या जनपदाचा. आणि तिसरा, आपली अवहेलना होऊ नये, आपली गणना व्हावी, याचा.

महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी माणसाला आणि त्यातही समीक्षकाला या यादीत आपले घरच भेटते. जबलपूर काही काळ नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते. १८१७ मध्ये ते इंग्रजांकडे गेले. पुढे रेल्वे, १९०४ पासूनची गन कॅरेज फॅक्टरी, शाळा आणि कचेऱ्या यांच्या ओढीने मराठी कुटुंबे येथे येत राहिली. दूर राहिल्यामुळे जनपद अधिकच प्रिय होते. घरात बोली जपली जाते, आणि तिच्याबरोबर आडनावांची उतरंडही जपली जाते. साहित्याच्या जगात तिसरी धूळ सर्वांत दाट. कोणत्या ग्रंथात आपला उल्लेख आला, कोणी तो टाळला, याचा हिशेब आमचा वर्ग ज्या काटेकोरपणे ठेवतो, त्याचे ऊ बा खिन यांनाही कौतुक वाटले असते. ध्यानाला बसलेल्या माणसाच्या मनात वासना आणि संताप वरचेवर दिसतात, म्हणून ते ओळखता येतात. ही बारीक धूळ मात्र सोन्याच्याच रंगाची असते. तिला आपण अस्मिता, परंपरा, प्रतिष्ठा अशी भारदस्त नावे देऊन ठेवलेली असतात.

याच सूत्राची चर्चा चालू असताना एका विद्यार्थ्याने मला एकदा विचारले, "सर, माझ्या आजोबांनी मनःशांतीसाठी दीक्षा घेतली नव्हती. माणूस म्हणून ताठ उभे राहता यावे म्हणून घेतली होती. मग ध्यानाचे एवढे काय?" त्याचे आजोबा कारखान्यात कामगार होते आणि १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला गेले होते. १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली, त्या दिवशी नागपूर हे मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर होते. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि अठराच दिवसांत नागपूर एका राज्यात, जबलपूर दुसऱ्या राज्यात गेले. त्या आजोबांच्या लेखी मात्र ते एकाच घरातले जाणे-येणे होते.

विद्यार्थ्याचा प्रश्न मला टाळण्यासारखा वाटला नाही, कारण तो मूळचा बाबासाहेबांचाच आहे. १९५७ मध्ये त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी जे प्रश्न मांडले, त्यांतील एक भिक्षूविषयी आहे. बुद्धाला परिपूर्ण मनुष्य घडवायचा होता की लोकसेवक? भिक्षू केवळ परिपूर्ण मनुष्य असेल, तर तो कितीही परिपूर्ण असला तरी स्वार्थीच ठरेल, असे त्यांनी परखडपणे नोंदविले आहे. व्यक्तिगत शांतीची आजची बाजारपेठ पाहिली, तर हा इशारा अधिकच टोकदार वाटतो. जो मालक दहा दिवस मौन पाळून परततो आणि कामगाराशी पूर्वीसारखाच वागतो, ज्या घरात सकाळी ध्यान होते आणि मोलकरणीचा पेला वेगळा राहतो, तेथे जाड मळसुद्धा धुतला गेलेला नाही. त्याला शांती म्हणणे म्हणजे खोटे नाणे खरे म्हणून स्वीकारणे.

परंतु याचे उत्तर ध्यान सोडण्यात आहे असेही मला वाटत नाही. सोनाराच्या सूत्राचा शेवट आपण सहसा घाईने वाचतो. सोने शुद्ध झाले, येथे ते सूत्र थांबत नाही. शुद्ध सोन्याचे वर्णन करताना तेथे 'कम्मनिय' असा शब्द येतो: कर्माला योग्य, कामाजोगे. अशुद्ध सोने ठिसूळ असते, घडविताना तडकते. शुद्ध झाले की त्याचा कमरपट्टा करा, कुंडले करा, गळ्यातले करा, साखळी करा. हवा तो घाट ते घेते. मुशीतला गोळा हे सोनाराचे साध्य कधीच नव्हते. शांतीचे प्रयोजन इतक्या व्यवहारी शब्दांत क्वचितच कोणी सांगितले असेल. चित्त मऊ करायचे ते सुखाने पडून राहण्यासाठी नव्हे. त्यातून काही घडविता यावे आणि घडविताना ते तडकू नये यासाठी. त्या विद्यार्थ्याचे आजोबा ज्या ताठपणे उभे राहिले, तो ताठपणा आयुष्यभर टिकवायला ठिसूळ मन पुरत नाही. अपमानाची आठवण ठेवायची आणि तिने जळून मात्र जायचे नाही, यासाठी फुंकणी, पाणी आणि नजर तिन्ही लागतात. परिपूर्ण मनुष्य की लोकसेवक, या प्रश्नातील 'की' येथे गळून पडतो, असे मी त्याला सांगितले. त्याला ते पूर्णपणे पटले नाही. ते योग्यच होते. पारखल्याशिवाय त्याने ते का घ्यावे?

हा विचार आमच्या मुलखात दगडावरही कोरलेला आहे. आज कटनी जिल्ह्यात असलेले आणि १९९८ पूर्वी जबलपूर जिल्ह्यात मोडणारे रूपनाथ हे कैमूरच्या पायथ्याचे एक एकांत स्थान. एकावर एक अशी राम, लक्ष्मण आणि सीता यांच्या नावांची कुंडे, जवळ शंकराचे स्थान आणि एका शिळेवर अशोकाचा लघुलेख. त्यात हा सम्राट सांगतो की, आपण अडीच वर्षांहून अधिक काळ उपासक होतो, पण प्रारंभी फारसा पराक्रम केला नाही. संघाच्या सहवासात आल्यावर वर्षाहून अधिक काळ तो नेटाने केला. आणि हे फळ केवळ थोरांनाच मिळते असे नाही. लहानांनाही पराक्रमाने ते मिळते. कलिंगाचे युद्ध जिंकलेल्या राजाने 'पराक्रम' हा शब्द तलवारीपासून सोडवून स्वतःच्या मनावरील श्रमांसाठी वापरावा, आणि त्यात लहानथोर असा भेद ठेवू नये, यात बौद्ध शांतीचा सारा आशय आला आहे. ती मिळत नाही, करावी लागते. एकदा करून भागत नाही. आणि ती ज्याची त्याने करायची असली, तरी केवळ ज्याच्या त्याच्यासाठी नसते.

पत्नीच्या सोन्यातून एका मुलीच्या शिक्षणाचा खर्च भागला. आटविताना थोडी घट आली. कारागिराने ती तोलून दाखविली. पहाटे तीनला अजूनही कधी कधी जाग येते. तेव्हा मी उठून बसतो आणि श्वासाकडे पाहतो. ती आठवते. पूर्वीपेक्षा अधिक स्वच्छ आठवते.